कुळथाची पिठी : घराण्याची चव आणि साठवणुकीचे शास्त्र

पावसाळ्याच्या तोंडावर कोकणातील घरांत जी बेगमी केली जाते, तिच्यात सुकी मासळी, आमसुले, फणसाच्या आठळ्या आणि पापड यांच्या बरोबरीने कुळथाच्या पिठीचा एक डबा असतोच. जून-जुलैमध्ये यांत्रिक मासेमारी बंद असते, भाजीचे वेल नुकते मांडवावर चढू लागलेले असतात आणि लावणीच्या दिवसांत घरातील सगळी माणसे शेतात असतात. अशा वेळी उकड्या तांदळाचा गरम भात, त्यावर लसणीच्या फोडणीची पातळ पिठी आणि तोंडी लावायला भाजलेला सुका बांगडा किंवा पापड, एवढ्यावर जेवण होते. दुखण्यातून उठलेल्या माणसाला हीच पिठी दिली जाते, आणि मुंबईहून रात्रीच्या गाडीने दमून आलेल्या मुलासाठीही चुलीवर पहिल्यांदा हीच चढते.

या पदार्थाची कृती बहुतेक घरांत कोठे लिहिलेली नसते. सून ती सासूकडून आणि मुलगी आईकडून पाहून शिकते. पिठीचे माप मुठीचे असते आणि ती शिजल्याची खूण वासाची. पातळ की दाट, आमसूल की चिंच, कांदा घालावा की नुसती लसूण, यावर घराघरांत ठाम मते असतात. या मतभेदांची चर्चा चवीच्या अंगाने पुष्कळ होते. पण कीटकशास्त्राच्या अंगाने पाहिले तर लक्ष वेधून घेते ती फोडणीच्या आधीची गोष्ट. उन्हाळ्यात कुळीथ भाजणे, भरडणे, पाखडणे आणि दळणे ही कामे म्हणजे कडधान्य किडीपासून वाचवण्याची एक पूर्ण पद्धत आहे. ती पद्धत घरातून निघून जाते, तेव्हा पदार्थाबरोबर पीकही शेतातून जाऊ लागते.

एक पीक, अनेक घरे

कोकणात कुळीथ आणि देशावर हुलगा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या कडधान्याचे शास्त्रीय नाव मॅक्रोटायलोमा युनिफ्लोरम. संस्कृतातील ‘कुलत्थ’ तो हाच. दक्षिण भारतातील नवाश्मयुगीन वसाहतींच्या उत्खननात, उदाहरणार्थ कर्नाटकातील बळ्ळारीजवळच्या संगनकल्लू येथे, कुळथाचे जळके दाणे सापडले आहेत. म्हणजे या भूमीतील शेतकरी किमान चार हजार वर्षे हे पीक पेरत आणि साठवत आले आहेत.

हलकी जमीन, तुटपुंजा पाऊस आणि कमीत कमी खर्च या अटींवर येणारी जी थोडी पिके आहेत, त्यांत कुळथाचा क्रम वरचा लागतो. कोकणात भात कापल्यानंतर जमिनीत उरलेल्या ओलीवर ते पेरले जाते आणि जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास काढणीला येते. मुळांवरील गाठींमुळे हवेतील नत्र जमिनीत स्थिर होते, त्याचा लाभ पुढच्या भाताला मिळतो. दाण्यात १०० ग्रॅममागे सुमारे २२ ग्रॅम प्रथिने असतात, शिवाय लोह आणि कॅल्शियमचे प्रमाणही चांगले असते.

देशभर या दाण्याभोवती घरगुती पदार्थांचे एक मोठे कुटुंब उभे आहे. देशावर हुलग्याचे शेंगोळे आणि माडगे होते. गोव्यात आणि तळकोकणात सार, कळण आणि पिठी होते. कर्नाटकात हुरळीचे सारु, आंध्र प्रदेशात कुळथाचे पाणी आटवून आणि चिंच घालून केलेला दाट उलवचारू, तमिळनाडूत कोळ्ळू रसम, केरळात पेजेसोबतची मुदिरा, झारखंडात कुरथीची डाळ आणि उत्तराखंडात गहताची डाळ व भिजवलेल्या गहताच्या वाटणाचे फाणू. उत्तराखंडच्या गहताला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. यांतील बहुतेक पदार्थ अख्खा दाणा भिजवून किंवा उकडून होतात. कोकणातील पिठीचा मार्ग वेगळा आहे. तेथे दाणा आधी भाजला जातो, मग त्याची डाळ होते आणि मग पीठ. हा वेगळेपणा केवळ चवीतून आलेला नाही. दमट किनारपट्टीवर अख्खे कडधान्य चार-पाच महिने सुरक्षित ठेवणे अवघड असते, ही अडचण त्यामागे स्पष्ट दिसते.

दाण्याच्या आतला भाडेकरू

साठवलेल्या कुळथाचा मुख्य शत्रू म्हणजे कडधान्यावरील भुंगेरा. कॅलोसोब्रुकस चायनेन्सिस आणि कॅलोसोब्रुकस मॅक्युलेटस या त्याच्या दोन जाती भारतात सर्वत्र आढळतात. लालसर तपकिरी रंगाचा, जेमतेम तीन-चार मिलिमीटर लांबीचा हा कीटक मूग, चवळी, तूर, हरभरा आणि कुळीथ या सर्वांवर जगतो.

त्याच्या जीवनक्रमातील काही गोष्टी प्रत्येक शेतकऱ्याला माहीत असाव्यात. पहिली, प्रादुर्भावाची सुरुवात बहुधा शेतातच होते. शेंगा पक्व होऊ लागल्या की मादी उडत येऊन शेंगांवर अंडी घालते. शेंगा फुटल्या असतील तर ती थेट दाण्यावरच अंडी घालते. काढणी लांबली की हा धोका वाढतो. डोळ्यांना स्वच्छ दिसणारे धान्य घरी येते तेव्हा कीड अनेकदा त्याच्या आतच असते.

दुसरी, अंडे दाण्याच्या गुळगुळीत सालीवर चिकटवलेले असते. पांढुरक्या ठिपक्यासारखे ते नुसत्या डोळ्यांनीही दिसते. अंड्यातून निघणारी अळी बाहेर फिरत नाही. अंड्याच्या तळातूनच ती साल पोखरून दाण्यात शिरते आणि तिची सर्व वाढ आतच होते. कोषावस्थेत जाण्यापूर्वी ती सालीखाली गोल खिडकी कोरून ठेवते आणि प्रौढ भुंगेरा ती ढकलून बाहेर येतो. दाण्यावरील गोल छिद्र हा नुकसानीचा आरंभ नसून शेवट असतो. छिद्र दिसले तेव्हा आतील गर खाऊन झालेला असतो.

तिसरी, प्रौढाला खाण्याची गरज नसते. एक-दोन आठवड्यांच्या आयुष्यात त्याचे काम एकच, प्रजनन. उबदार हवेत एक पिढी साधारण तीन ते पाच आठवड्यांत पूर्ण होते. एका मादीने ८० अंडी घातली, त्यांतील निम्मीच जगली आणि जगलेल्यांत निम्म्या माद्या असल्या तर पहिल्या पिढीत २०, दुसऱ्या पिढीत ४०० आणि तिसऱ्या पिढीत ८,००० माद्या होतात. हा कागदावरचा हिशेब आहे. प्रत्यक्षात जागा आणि अन्न कमी पडते, काही अळ्या परोपजीवी गांधीलमाश्यांना बळी पडतात. तरीही फेब्रुवारीत भरलेला डबा गणपतीत उघडल्यावर भुंगेऱ्यांनी का भरलेला असतो, याचे उत्तर या हिशेबात आहे.

पिठीची प्रत्येक पायरी काय साधते

पिठी करण्याची जुनी रीत पुढीलप्रमाणे असते. मळणी केलेला कुळीथ कडक उन्हात वाळवला जातो. सुपात पाखडून खडे, माती आणि पोचट दाणे काढले जातात. नंतर लोखंडी कढईत किंवा मातीच्या खापरात तो थोडा थोडा घेऊन मंद आचेवर सतत हलवत भाजतात. दाणे तडतडू लागले, रंग एक छटा गडद झाला आणि खमंग वास सुटला की कढई उतरवतात. भाजलेले दाणे पूर्ण थंड झाल्यावर जात्यावर भरडतात, सुपाने साल उडवतात, आणि राहिलेली डाळ बारीक दळून, चाळून कोरड्या बरणीत भरतात.

उन्हात वाळवल्याने दाण्यातील ओलावा उतरतो. साठवणुकीसाठी तो साधारण ८ ते १० टक्क्यांपर्यंत आणणे इष्ट मानले जाते. दाताखाली दाणा ‘कट’ असा आवाज करून फुटला पाहिजे, ही घरातील ज्येष्ठांची कसोटी याच पातळीच्या जवळ जाते. दाणा दबला किंवा चिवट लागला तर तो अजून ओला आहे.

भाजण्याने दोन कामे होतात. कीटकांचे शरीर ५० ते ६० अंश सेल्सिअसच्या वर फार काळ टिकाव धरू शकत नाही. कढईत भाजला जाणारा दाणा त्याहून कितीतरी अधिक तापतो, त्यामुळे सालीवरील अंडी, आतील अळी, कोष आणि बाहेर पडण्याच्या बेतात असलेला प्रौढ अशा सर्वच अवस्था मरतात. दुसरे काम स्वयंपाकाचे आहे. कच्च्या कुळथातील प्रथिनांचे पचन रोखणारे काही घटक उष्णतेने निष्प्रभ होतात, उग्र वास जातो आणि भाजका सुगंध येतो.

भरडणे आणि पाखडणे यांचे महत्त्व सहसा लक्षात घेतले जात नाही. मादीला अंडी घालायला गुळगुळीत, अखंड सालीचा दाणा हवा असतो आणि अळीला वाढायला अखंड दाण्याचे घर. डाळ झाल्यावर हे घरच मोडते. सालीविना, दोन फाकांत उघड्या पडलेल्या डाळीवर या किडीची वाढ फारच कमी होते. सालीबरोबर टॅनिनसारखे तुरट घटकही मोठ्या प्रमाणात निघून जातात, म्हणून पिठीचा तुरटपणा सालीसकट दळलेल्या पिठापेक्षा कमी असतो.

दळल्यावर भुंगेऱ्याचा प्रश्न संपतो, पण दुसरा सुरू होतो. पिठात तांबडा भुंगेरा आणि तांदळावरील पतंगाच्या अळ्या सहज वाढतात. पिठी घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवावी, कोरड्या चमच्यानेच काढावी आणि एका पावसाळ्यापुरतीच करावी, हा घरोघरीचा दंडक त्यासाठीच आहे. ‘दाणे थंड झाल्याशिवाय भरू नका’ ही सूचनाही निराधार नाही. गरम धान्य बंद भांड्यात भरले की झाकणाखाली वाफ जमते, ती थेंब होऊन खाली उतरते आणि बुरशीला आमंत्रण मिळते.

या रीतीत एक मर्यादा आहे, तीही लक्षात घेतली पाहिजे. भाजण्याने कीड मरते, पण आधीच झालेले नुकसान भरून येत नाही. दाण्यात अळीची विष्ठा, कात आणि मेलेली शरीरे राहतात. म्हणून पिठी वेळेवर, म्हणजे काढणीनंतर शक्य तितक्या लवकर आणि उशिरात उशिरा मे महिन्यात व्हायला हवी. छिद्रे पडलेला कुळीथ ‘भाजला की चालतो’ असे समजून वापरणे योग्य नव्हे.

चार माणसांची पिठी

पिठी अर्धी वाटी, पाणी साडेतीन ते चार वाट्या, ठेचलेल्या लसणीच्या सात-आठ पाकळ्या, बारीक चिरलेला एक लहान कांदा, दोन हिरव्या मिरच्या किंवा एक लहान चमचा लाल तिखट, तीन-चार आमसुले, दोन मोठे चमचे खोबरेल किंवा शेंगदाण्याचे तेल, मोहरी, हिंग, हळद, मीठ आणि वरून घालायला ओले खोबरे व कोथिंबीर, एवढे साहित्य लागते.

पिठी प्रथम एक वाटी थंड पाण्यात कालवून घ्यावी. गरम पाण्यात ती घातली तर बाहेरचे पिष्ट क्षणात फुगून चिकट होते, आतील पीठ कोरडे राहते आणि गुठळ्या होतात. थंड पाण्यात प्रत्येक कण वेगळा भिजतो. कढईत तेल तापवून मोहरी, हिंग आणि लसूण घालावी. लसूण सोनेरी झाली की मिरची, कांदा आणि हळद घालावी. कांदा मऊ झाल्यावर उरलेले पाणी व मीठ घालून उकळी आणावी. मग आच मंद करून कालवलेली पिठी बारीक धारेने सोडावी आणि त्याच वेळी दुसऱ्या हाताने ढवळत राहावे. आठ-दहा मिनिटे ती मंद शिजू द्यावी. कच्च्या पिठाचा वास जाऊन भाजका, लसणीचा वास वर आला की आमसुले घालून आणखी दोन मिनिटांनी उतरवावी. आमसूल शेवटी घालण्याचा प्रघात आहे. ते आधी घातले तर आंबटपणा फार उतरतो आणि भाजका सुगंध झाकला जातो. पिठी थंड होताना दाट होते, म्हणून ती चुलीवरून हवी त्याहून थोडी पातळच उतरवावी.

पाणी अडीच वाट्यांवर आणले की तीच पिठी भाकरीबरोबर खाण्याजोगी दाट होते. लहान मुलांसाठी मिरची वगळून तुपाची फोडणी देतात. पानात लिंबाची फोड असावी. लिंबातील क जीवनसत्त्व कडधान्यातील लोह शरीरात शोषले जाण्यास मदत करते. कुळीथ मुतखड्यावरचे औषध आहे, अशी समजूत अनेक प्रांतांत आहे. आहारातील एक पौष्टिक कडधान्य म्हणून त्याचे स्थान निश्चित आहे, पण आजारावर उपचार डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावा.

साखळी तुटते कोठे

पूर्वी घरात जाते होते, मे महिन्यात माणसे होती आणि बेगमी हे घराचे सामूहिक काम होते. आज अनेक गावांत घरी वृद्ध दांपत्य असते आणि मुले शहरात. दहा किलो कुळीथ भाजून, भरडून, पाखडण्याचे बळ त्यांच्यात उरलेले नसते. मग कुळीथ अख्खाच प्लॅस्टिकच्या डब्यात किंवा पोत्यात पडून राहतो. श्रावणापर्यंत त्याला भुंगेरा लागतो. किडलेला कुळीथ जनावरांच्या आंबोणात जातो किंवा उकिरड्यावर. पुढच्या हंगामात पेरायला चांगले बी नसते, आणि ‘कुळीथ टिकत नाही’ असे म्हणून भातानंतरचे ते खाचर पडीक राहते. घरासाठी मग बाजारातून पिठीची पिशवी येते.

बाजारातील पिठी वाईट असते असे नाही. ती करणारे अनेक महिला बचतगट उत्तम काम करतात. पण घराने पीक सोडले की त्या घराने वर्षानुवर्षे राखलेले बी जाते. त्या विशिष्ट खाचरात, त्या ओलीवर आणि त्या धुक्यात तग धरणारे वाण दुकानात मिळत नाही. सुधारित वाण उपलब्ध आहेत आणि त्यांचा वापर व्हायलाच हवा. कोकणासाठी ‘दापोली कुळीथ-१’, पश्चिम महाराष्ट्रासाठी ‘सीना’, ‘माण’ आणि ‘फुले सकस’, उत्तराखंडासाठी ‘व्हीएल गहत’ मालिकेतील वाण, तमिळनाडूसाठी ‘पैयूर-२’, झारखंडासाठी ‘बिरसा कुलथी-१’ ही त्यांची उदाहरणे. परंतु उद्याचे सुधारित वाण ज्यातून निवडायचे, तो साठा शेतकऱ्यांच्या मडक्यांतच असतो. एका घरातील पिठीचा डबा रिकामा होणे ही म्हणूनच केवळ त्या घरापुरती बाब राहत नाही.

बियाण्याचे मडके वेगळे

पिठीची रीत खाण्याच्या धान्याचे रक्षण करते. बियाण्याला ती लागू नाही, कारण भाजलेला दाणा उगवत नाही. म्हणून काढणीनंतर पहिल्याच आठवड्यात कुळथाचे दोन भाग करावेत. एक खाण्याचा, एक बियाण्याचा. बियाण्याच्या भागासाठी पुढील उपाय सोपे आणि कमी खर्चाचे आहेत.

पहिला उपाय उन्हाचा. काळ्या प्लॅस्टिकच्या कागदावर चांगला वाळलेला कुळीथ पातळ पसरून त्यावर पारदर्शक कागद घालावा आणि कडा मातीने किंवा दगडांनी दाबाव्यात. कडक उन्हात आतील तापमान बाहेरच्यापेक्षा पुष्कळ वाढते. चवळीवरील भुंगेऱ्यावर झालेल्या अभ्यासात ५७ अंश सेल्सिअस तापमान तासभर टिकल्यास त्याच्या सर्व अवस्था मरतात, असे आढळले आहे. दाणा आधी पूर्ण वाळलेला असेल तर उगवणशक्तीला या उष्णतेचा सहसा धक्का बसत नाही. ओल्या दाण्यावर मात्र हा उपाय करू नये.

दुसरा उपाय तेलाचा. एक किलो बियाण्याला सुमारे ५ मिलिलिटर खाद्यतेल हाताने सारखे चोळावे. तेलाचा पातळ थर अंड्याला हवा मिळू देत नाही, त्यामुळे अंड्यातील जीव गुदमरतो. सालीवर अंडी नीट चिकटतही नाहीत. दाण्यात आधीच शिरलेल्या अळीवर मात्र तेलाचा फारसा परिणाम होत नाही. म्हणून आधी ऊन आणि मग तेल, हाच क्रम ठेवावा.

तिसरा उपाय राखेचा. चाळलेली, पूर्ण कोरडी राख बियाण्यात मिसळली की ती दाण्यांमधील फटी भरून भुंगेऱ्याची हालचाल रोखते आणि त्याच्या अंगावरील मेणाचा थर घासला जाऊन शरीरातील पाणी उडून जाते. जुन्या घरांत मडक्यात राखेत ठेवलेले बी चुलीवरच्या माळ्यावर असे. धूर, कोरडेपणा आणि राख हे तिन्ही तेथे एकत्र काम करीत. धान्यावर नुसती कडुनिंबाची दोन-चार पाने टाकून मात्र तेवढे संरक्षण मिळत नाही.

चौथा उपाय हवाबंद साठवणुकीचा. भांडे काठोकाठ भरावे आणि झाकण मेणाने किंवा चिकटपट्टीने बंद करावे. आत शिल्लक राहिलेली कीड स्वतःच्याच श्वसनाने प्राणवायू संपवते आणि वाढ थांबून मरते. अर्धे भरलेले भांडे हे काम करीत नाही, कारण त्यात हवा पुष्कळ उरते. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाने पश्चिम आफ्रिकेतील चवळी उत्पादकांसाठी विकसित केलेली तीन थरांची पिशवी याच तत्त्वावर चालते. आत पॉलिथिनचे दोन थर आणि बाहेर विणलेले पोते, अशी तिची रचना असते. ती वारंवार उघडली तर तिचा उपयोग राहत नाही.

पेरणीपूर्वी १०० दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून उगवण तपासावी. चार-पाच दिवसांत किती दाणे अंकुरले ते मोजले की बियाण्याची टक्केवारी घरच्या घरीच कळते.

दोन गोष्टी मात्र कटाक्षाने टाळाव्यात. घरात राहत्या जागी धुरीकरणाच्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या वापरू नयेत. त्यांतून निघणारा फॉस्फीन वायू प्राणघातक असतो आणि त्यांचा वापर तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच करण्याचे बंधन आहे. तसेच खाण्याच्या कडधान्याला बोरिक पावडर चोळणे किंवा त्यात पाऱ्याच्या गोळ्या ठेवणे हेही आरोग्याला अपायकारक आहे. धुतल्याने सगळे निघून जाते, ही समजूत भरवशाची नाही.

स्वयंपाकघरातून विस्तारकार्य

धान्य साठवणुकीवरील प्रशिक्षणे बहुधा चावडीवर किंवा शेतात होतात आणि त्यांना पुरुष शेतकरी अधिक संख्येने येतात. घरातील कडधान्याचा निर्णय मात्र बहुतेक ठिकाणी स्त्रिया घेतात. किती ठेवायचे, कधी भाजायचे, बियाण्याला कोणते बाजूला काढायचे, हे त्यांच्याच हातात असते. विस्तार कार्यकर्त्यांनी साठवणुकीचा विषय पिठीपासून सुरू केला तर ऐकणारा श्रोता आणि निर्णय घेणारा माणूस एकच असेल.

त्यासाठी काही गोष्टी सहज करता येतील. फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे काढणी होताच, गावात बैठक घ्यावी. भिंगाखाली कुळथाच्या दाण्यावरील पांढरी अंडी प्रत्यक्ष दाखवावीत. एकदा ती पाहिली की माणूस पुढे स्वतःच ओळखतो. त्याच बैठकीत काचेच्या दोन बरण्या भराव्यात. एकीत अख्खा, काही न केलेला कुळीथ आणि दुसरीत भाजून भरडलेली डाळ. ऑगस्टमध्ये दोन्ही बरण्या पुन्हा सर्वांसमोर उघडाव्यात. त्यानंतर फारसे व्याख्यान लागत नाही.

भाजणे आणि भरडणे हे श्रमाचे काम सामुदायिक करता येते. बचतगटाकडे एक लहान डाळयंत्र आणि एक मोठी कढई असली तर वीस-पंचवीस घरांचा कुळीथ एका आठवड्यात पिठीच्या रूपाने त्यांच्याच घरी परत जाऊ शकतो. शुल्क म्हणून पैसे किंवा पिठीचा ठरावीक वाटा घेता येईल. वृद्ध शेतकऱ्याला श्रम वाचतात, गटाला काम मिळते आणि कुळथाचे पीक शेतात राहते. शहरात गेलेल्या मुलांना पाठवण्यासाठी डबा भरतो, तो वेगळाच.

ज्या प्रांतांत अख्खा दाणाच रांधला जातो, तेथे पिठीचा आग्रह धरण्याचे कारण नाही. उलवचारू किंवा फाणू ज्या घरात होते, त्या घराला हवाबंद भांडे आणि वेळेवर दिलेले ऊन अधिक उपयोगी पडेल. प्रत्येक भागातील जुन्या पाककृतीत साठवणुकीची एखादी पायरी दडलेली असते. ती शोधून काढणे, तिचे शास्त्र तपासणे, ती कोठे कमी पडते ते सांगणे आणि त्या ठिकाणी आजचा उपाय जोडणे, असा क्रम ठेवला तर शेतकऱ्याला शिफारस परकी वाटत नाही.

पिठीची चव कशी असावी हे प्रत्येक घर आपले आपण ठरवील. मात्र यंदाचा कुळीथ काढणीला आला की तीन कामे विसरू नयेत. शेंगा फुटण्याची वाट न पाहता काढणी करावी, दाताखाली ‘कट’ वाजेपर्यंत दाणा वाळवावा, आणि बियाण्याचे मडके बंद करून मगच पिठीची कढई चुलीवर ठेवावी.